पूलवाल्यांच्या रांगेतली जागा

ह्वालिएन, ४ जून

आरिकदादा,

"पोरी, तू कोणाची?" रविवारी आजोबांनी मला तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा माझं उत्तर चुकलं. रेंगोस, असं नाव सांगितलं तर म्हणाले, "नाव नाही विचारलं. कोणाची ते सांग." तुमची नात, म्हटलं. त्यावर हसले. "मला नात कुठून? माझी काटिंग अजून म्हशींमागे पळते." काटिंगमावशी शेजारीच उभी होती, त्यांच्या भाताची वाटी हातात घेऊन. साठ वर्षांची. ती आत जाऊन भांडी घासायला लागली, आणि तिचं रागात भांडी घासणं तुला माहीत आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र बोटीच्या कंपनीच्या काउशुंगच्या कचेरीत पाठवते आहे. तिथली बाई म्हणाली, बोट बंदराला लागली की टपाल हातात देतात.

मे महिन्यात मावशी आजोबांना आमच्या दवाखान्यात घेऊन आली. विस्मरणाच्या ओपीडीत चाचण्या मीच घेते. डॉक्टर म्हणाले, "सरकारी भाषेत विचारलं तर म्हातारबाबा गप्प बसतील, तू तुमच्या भाषेत विचार." मी विचारलं. तीसपैकी अकरा गुण. मेंदूचे फोटो काढले. नव्या आठवणी ज्या भागात आधी उतरतात तो भाग दोन्ही बाजूंनी सुकलेला दिसतो. म्हणजे आजार आहे, दादा. त्यात शंका नाही.

शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहात मी त्यांच्यासाठी खाट मिळवली आहे, एक सप्टेंबरपासून. जागा स्वच्छ आहे. खिडकीतून डोंगर दिसतात. समुद्र दिसत नाही. मावशी तयार आहे, कारण ती दमली आहे. दोनदा ते पहाटे एकटेच किनाऱ्यावर गेले आणि तिसऱ्या वेळी सापडतीलच असं नाही. "तुझ्या शिक्षणाचा कागद आहे, खोटा कसा असेल?" असं ती म्हणाली. ती हे टोमणा म्हणून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

थोरला तू आहेस. तुझं मत कळव. जुन्या गोष्टींबद्दल, म्हणजे सणाच्या रांगेतून तुझं नाव गाळलं गेलं त्या वर्षाबद्दल, मी आज लिहीत नाही.

तुझी,
रेंगोस


गावाहून, ३० जून

दादा,

तुझं कार्ड मिळालं. आठ वर्षांत पहिलं, तेही दोन ओळींचं. "म्हातारा आता मला ओळखणार नाही. आणि ओळखत होता तेव्हा तरी त्याने माझं काय ठेवलं?" मावशीला मी पहिलीच ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "अक्षर सुधारलंय त्याचं." मग बराच वेळ ते कार्ड तिच्या हातात होतं.

काल तापोंगआजोबा आले होते. वीजवाल्यांच्या तुकडीतले आता ते आणि आपले आजोबा, दोघेच उरलेत. दारातून मावशी म्हणाली, "कशाला आत जाता? ते कुणाला ओळखत नाहीत." तापोंगआजोबा म्हणाले, "मग बरंच आहे, माझी पाच वर्षं जुनी थट्टा त्याला नवीन वाटेल," आणि आत जाऊन खाटेवर त्यांच्या डाव्या बाजूला बसले. कायम तिथेच बसतात. आजोबांनी वळूनही पाहिलं नाही. नुसता हात पुढे केला. तापोंगआजोबांनी त्यावर सुपारी ठेवली.

"तापोंग, तुझी कंबर कशी आहे?" आजोबांनी विचारलं.

मी दारातच उभी राहिले. मला 'तू कोणाची' विचारणाऱ्या माणसाला तापोंगआजोबांची कंबर आठवत होती.

मग दोघांनी मला त्यांच्या तुकडीचं नाव कसं पडलं ते सांगितलं, आपण शंभरदा ऐकलेलं: त्यांच्या वयाच्या पोरांची तुकडी झाली त्या वर्षी गावात पहिला दिवा लागला आणि त्याच संध्याकाळी विझला, तरी वडीलधाऱ्यांनी नाव वीजवालेच ठेवलं. तुला आठवतं, तुमच्या तुकडीला वाहून गेलेल्या पुलाचं नाव दिलं तेव्हा तू किती चिडला होतास? "बाकीच्यांना वीज, रस्ता, ट्रॅक्टर. आणि आम्हाला काय, तर नसलेला पूल."

मी तापोंगआजोबांना अकरा गुणांचं सांगितलं. ते माझ्यावरच उखडले.

"तू याला एकट्याला बसवून विचारलंस?"

"चाचणी तशीच असते, आजोबा."

"अगं डॉक्टरीणबाई, आमच्यात एकट्याला कुणी काही विचारतं का? एकटा असलो तर मला माझं लग्न कधी झालं तेही सांगता येत नाही. शेजारी हा असला की आठवतं. कारण हा त्या दिवशी पिऊन भाताच्या खाचरात पडला होता."

"तू पडला होतास," आजोबा म्हणाले.

"बघ. तीसपैकी किती देशील याला?"

आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांबद्दल मी तुला एकदा फोनवर सांगितलं होतं आणि तू म्हणाला होतास, यासाठी का घरातली पहिली पदवी घेतलीस? समोर अनोळखी उंदीर आला की उंदीर त्याला बराच वेळ हुंगत राहतो. ओळखीचा असला की जरासं हुंगून वळतो. चारजणांत राहणारा उंदीर ओळख दिवसेंदिवस धरून ठेवतो. त्यालाच काही दिवस एकटं ठेवलं तर कालच्या सोबत्यालाही तो नव्याने हुंगत बसतो. हे मी वहीत इतक्या वेळा लिहिलं आहे की झोपेतही लिहू शकेन. आणि मावशीला मीच सांगितलं होतं, "त्यांना खोलीतच ठेव, बाहेर हरवतील." मे महिन्यापासून ते त्या खोलीत आहेत. बाहेरून कडी असते.

आणखी एक. 'आज कोणतं साल?' या प्रश्नाला त्यांनी ओपीडीत उत्तर दिलं होतं, "पूलवाली पोरं चुलीवरून उठून पाहुण्यांच्या पानाला लागली, त्याचं दुसरं." मी शून्य लिहिलं. तुमच्या तुकडीचं सणातलं काम बदललं ते वर्ष धरून आज बोटांवर मोजून पाहिलं. साल बरोबर होतं. कागदावर तसल्या उत्तराला रकाना नव्हता.

रेंगोस


गावाहून, २१ जुलै

दादा,

वाईट बातमी आहे आणि तिला मीच कारण आहे.

सुगीच्या सणाला रांग मोजण्याचं काम यंदा आजोबांकडे नाही. वीस वर्षं तेच मोजत होते. समुद्राकडच्या टोकाला बसलेल्या सगळ्यात म्हाताऱ्यापासून शेवटच्या पोरापर्यंत, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून, तुकडीचं नाव आणि मग माणसाचं नाव. कागद कधी हातात घेतला नाही. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, त्यांना झेपेल का? मावशीने माझा अहवाल पुढे केला. तिला वाटलं, लोकांनी समजून घ्यावं. लोकांनी समजून घेतलं. काम गावातल्या कोलासमामाकडे दिलं, आणि त्याने लगेच यादी संगणकावर तयार केली.

मी कोलासमामाला भेटायला गेले. म्हटलं, अहवालात लिहिलंय ते खरं आहे, पण अपुरं आहे. रांगेत बसले की त्यांना वेगळं आठवतं.

"हे तुझं मत की दवाखान्याचं?" त्याने विचारलं.

"माझं."

"मग दवाखान्याचं लेखी आण. रेंगोस, मी काही त्यांचा वैरी नाही. पण रांगेत चुकीचं नाव घेतलं गेलं तर त्या घराला काय वाटेल? मेलेल्याला हाक मारली तर? तू शिकलेली आहेस, तूच सांग."

दवाखाना असलं काही लेखी देत नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

एवढंच ठरलं की सणाला त्यांना रांगेत बसू द्यायचं, आपल्या जागेवर, गप्प. आणि एक सप्टेंबरला ती खाट आहेच. एकदा ते तिकडे गेले की ती जागाही भरली जाईल, कारण रांगेत टोकाकडची जागा रिकामी ठेवत नाहीत. तापोंगआजोबा सरकून टोकाला बसतील आणि वीजवाल्यांमध्ये ते एकटेच उरतील. काल त्यांनी मला वाटेत थांबवून एवढंच म्हटलं, "मला टोकाला बसायचं नाहीये, पोरी."

त्या वर्षाबद्दल लिहायला घेतलं होतं. पान फाडलं.

रेंगोस


गावाहून, १४ ऑगस्ट

दादा,

बसून वाच.

काल दुपारी रांग बसली. आम्ही बायका नेहमीप्रमाणे दोरीच्या अलीकडे, चुलाण्यांच्या मांडवात. मी चिकट भात कुटत होते आणि मावशी खारवलेलं डुकराचं मांस कापत होती. दोघींचं अर्धं लक्ष तिकडेच होतं. कोलासमामाने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. "वीजवाले. लेकाल. तापोंग." आणि आजोबा उठले.

"बसवा कुणीतरी त्यांना," मावशी म्हणाली, पण पुटपुटलीच. दोरी ओलांडून तिला जाता येत नव्हतं.

ते कोलासमामाच्या मागे जाऊन उभे राहिले. तो पुढे सरकला तसे तेही सरकले. तो नाव वाचायचा आणि ते त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचे. रस्तेवाल्यांपर्यंत असंच चाललं. काही पोरं हसत होती. मग यादी एका माणसावरून दुसऱ्यावर गेली आणि आजोबा मधेच थांबले. तिथे कुणी नव्हतं. "फुतिंग," ते म्हणाले. कोलासमामाला ऐकूच आलं नाही. पण फुतिंगच्या डाव्या बाजूला जो बसायचा त्याने सवयीने उत्तर दिलं, "तो पुढे गेला." मेलेल्या माणसासाठी शेजाऱ्याने द्यायचं उत्तर. आजोबांनी मान हलवली आणि पुढे निघाले.

त्यानंतर कोलासमामाचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. त्याची यादी फक्त हजर असलेल्यांची होती. आजोबा गैरहजर असलेल्यांनाही हाक मारत होते, जिथे जिथे जागा होती तिथे तिथे, आणि शेजारी उत्तर देत होते. "तैपेईत, मुलीच्या बाळंतपणाला." "तो पुढे गेला." "पाय मोडलाय, घरी आहे, डुकराच्या मांसाचं सूप पाठवा म्हणतोय." लोक हसले. ट्रॅक्टरवाल्यांपाशी कोलासमामाने ध्वनिक्षेपक खाली घेतला आणि बाजूला झाला. कुणी त्याला सांगितलं नाही.

एकही नाव चुकलं नाही, असं मी लिहिणार नाही. दोन चुकली. एकाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली. तो म्हणाला, "बापच समजा, आजोबा, माझ्या नावाचं शेपूट तेच आहे," आणि ते पुढे गेले.

मग पूलवाले आले. तुमची तुकडी. उनाक, मग त्याच्या शेजारी एक हात रुंद मोकळी चटई, मग लूह. आजोबा त्या मोकळ्या चटईपुढे थांबले. हात खाली केला, तिथे खांदा असता तर जेवढा उंच असता तेवढाच. आणि म्हणाले, "आरिक."

आठ वर्षांपूर्वी त्यांनीच ते नाव गाळलं होतं आणि गाळलेलं नाव रांगेत घेत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आजोबा सोडून. ते नियम विसरले होते, दादा. जागा विसरले नव्हते.

"आरिक," त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा चिडूनच, तू झोपलेला असायचास तेव्हा मारायचे तशी.

उनाकने वर पाहिलं. म्हणाला, "बोटीवर आहे, आजोबा."

"बरं," ते म्हणाले आणि लूहच्या खांद्यावर हात ठेवला.

मावशीने सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मांसाचे हात, चेहरा सगळा मिठाने माखला. नंतर त्यावरूनच ती मला ओरडली.

संध्याकाळी मी उनाकला विचारलं, ती जागा यंदाच का सोडली? तो म्हणाला, "यंदा? आम्ही कधी सरकलोच नाही. सरकलो असतो तर मांडीला मांडी लागली असती, मग सवय झाली असती."

तू विचारलं होतंस, त्याने माझं काय ठेवलं? एक हात रुंद चटई.

आता फाडलेलं पान पुन्हा लिहिते. आठ वर्षांपूर्वी, सणाच्या नऊ दिवस आधी, तू पोर्ट लुईहून फोन केला होतास. म्हणालास, बोट अडकली आहे, आजोबांना सांग, माझ्या वतीने उनाककडे तांदळाच्या दारूची बाटली नेऊन रजा मागा. शेजारी बसणाऱ्याकडे असा निरोप पोचला की हाकेला तो उत्तर देतो आणि नाव गाळत नाहीत. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या प्रवेशाचा निकाल लागला. गावातल्या सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं, मावशीने डुक्कर कापलं, आणि तुझा निरोप माझ्या डोक्यातून गेला. खरंच गेला. मी लपवला नव्हता. सणाच्या दिवशी तुझ्या नावाला उत्तर आलं नाही आणि ते गाळलं गेलं तेव्हा मला तो आठवला.

लपवलं ते त्यानंतर. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत. मला सांगता आलं असतं. घरातली पहिली पदवी घ्यायला निघालेली मुलगी एक निरोप विसरली, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तू समजलास की त्यांनी निरोप मिळूनही तुला गाळलं. ते समजले की तुला रजा मागण्याची गरजच वाटली नाही. दोघंही हट्टी, दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. आणि ज्या एकीला सगळं आठवत होतं ती विस्मरणावर अभ्यास करायला तैपेईला गेली.

रागाव. पण त्यांच्यावर नको.

रेंगोस


गावाहून, २७ ऑगस्ट

दादा,

तुझा फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते आणि उचलता आला नाही. तू ठेवलेला संदेश मी जिन्यात उभी राहून ऐकला. पहिल्या मिनिटाला तू मला ज्या शिव्या दिल्यास त्या सगळ्या मान्य. दुसऱ्या मिनिटाला तू नुसता श्वास घेत होतास, तेही ऐकलं. तिसऱ्या मिनिटाला विचारलंस, "जागा किती रुंद होती म्हणालीस?" तेव्हा मला पायरीवर बसावं लागलं. इतकं हलकं मला आठ वर्षांत वाटलं नव्हतं.

आता मी काय काय केलं ते ऐक.

आधी मावशीला सांगितलं. तिने लाटणं, झाडू, काहीच उचललं नाही. "आठ वर्षं!" म्हणाली. "आणि मी त्या बिचाऱ्या बोटीला शिव्या घालत बसले!" मग तिनेच तांदळाच्या दारूची बाटली काढून दिली.

मी आजोबांना घेऊन पिंपरणीच्या झाडाखालच्या बाकावर गेले. उनाक आणि लूहला बोलावलं होतं. तापोंगआजोबा न बोलावता आले आणि डाव्या बाजूला बसले. मी बाटली उनाकच्या पुढे ठेवली आणि तुझा निरोप सांगितला, तू फोनवर सांगितला होतास अगदी त्याच शब्दांत, बोट अडकल्याचं, बंदराचं नाव, सगळं. आणि तो कुणामुळे उशिरा आला तेही.

उनाकने आजोबांकडे पाहिलं. आजोबा विचार करत होते.

"समुद्रातून आलेला निरोप," ते म्हणाले. "उशीर व्हायचाच."

"आठ वर्षं, लेकाल?" तापोंगआजोबा म्हणाले.

"तुला घरून येताना तासभर लागतो. तू बोलू नकोस."

उनाकने बाटली उघडली. जमिनीवर थेंब शिंपडले, पूर्वजांसाठी. मग आजोबांना दिली. रजा मंजूर झाली, दादा. आठही वर्षांची, एकदम.

दुसरं, आजोबांच्या खोलीची बाहेरची कडी मी काढून टाकली. आता रोज सकाळी एकेका तुकडीतला एकेकजण येऊन त्यांना बाकावर घेऊन जातो आणि दुपारी घरी सोडतो. सोमवारी रस्तेवाले, मंगळवारी ट्रॅक्टरवाले. कोलासमामाने त्याचीही यादी संगणकावर केली आहे. ती चांगली आहे, मी त्याला तसं सांगितलं. मावशी सकाळी दोन तास झोपते. ते अजून तिला ओळखत नाहीत. एका दिवशी म्हणाले, "या बाईच्या हातचा भात माझ्या काटिंगसारखाच लागतो." ती दिवसभर ते सगळ्यांना सांगत होती.

अकरा गुण मी बदलले नाहीत. ते खरे आहेत, आणि पुढच्या वर्षी कदाचित आठ होतील. अहवालाच्या खाली मोकळ्या जागेत मी चार ओळी लिहिल्या: हे गुण एकट्या बसलेल्या माणसाचे आहेत, आपल्या माणसांच्या रांगेत काय आठवतं ते वेगळं नोंदवावं, आणि ते मी असं असं नोंदवलं आहे. डॉक्टरांनी वाचून विचारलं, "याला शास्त्र म्हणायचं का?" मी म्हटलं, "अजून नाही." त्यांनी सही केली.

शुश्रूषागृहातली खाट शुक्रवारी परत केली. तिथल्या बाईने विचारलं, "घरी कोण बघणार?" मी नावं सांगायला लागले, तर तिने सोळाव्या नावाला हात जोडले.

रविवारी आजोबांनी मला पुन्हा विचारलं, "पोरी, तू कोणाची?" या वेळी मी नाव सांगितलं नाही, नातही म्हटलं नाही. म्हटलं, "पूलवाल्यांतल्या आरिकची बहीण. उनाक आणि लूहच्या मधे बसतो त्याची."

"असं होय," ते म्हणाले आणि बाकावर उजवीकडे सरकले. "मग उभी का? बस."

एकच राहिलं. रजा मागितली त्या दिवशी बाकावरून निघताना उनाकने मला विचारलं, "आरिकची पुढच्या सणाची रजाही आताच मागून ठेवतेस का? बाटली उघडलेलीच आहे." रजा नसेल आणि माणूस आला नाही तर काय होतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मी 'नाही' म्हणून आले.

रेंगोस